अकिलीसची दिल्ली झाली

१९५६ साली इंग्लंडमध्ये ‘द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट’ हा रंगीत युद्धपट आला. मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर ही जोडी त्याची कर्ती. १९३९च्या डिसेंबरात दक्षिण अटलांटिक समुद्रात झालेली लढाई हा त्याचा विषय. जर्मनीची ‘ग्राफ स्पे’ ही युद्धनौका त्या लढाईनंतर बुडाली होती, म्हणून पडद्यावर तिचं काम अमेरिकन आरमाराच्या ‘सेलम’ या जड क्रूझरनं केलं. ‘एक्झेटर’ आणि ‘एजॅक्स’ या ब्रिटिश क्रूझरही तोवर उरल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या जागी दुसऱ्या नौका उभ्या राहिल्या. त्या लढाईत खरोखर तोफा डागलेली एकच नौका या चित्रपटात होती. ती ‘अकिलीस’. अकिलीसचं काम अकिलीसनंच केलं. तोवर तिचं नाव मात्र बदललं होतं आणि तिच्यावर भारताचं निशाण फडकत होतं. ती झाली होती आयएनएस दिल्ली, मुंबईहून चालणारी भारतीय नौदलाची पहिली क्रूझर.

वऱ्हाडातल्या आपल्या नांदगाव खंडेश्वरहून समुद्र पाचशे किलोमीटरहून लांब आहे. कपाशी, तूर आणि सोयाबीनच्या या मुलखात क्रूझर म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. युद्धनौकांच्या उतरंडीत सगळ्यात मोठ्या आणि जाड चिलखताच्या त्या बॅटलशिप, आणि चपळ, लहान त्या विनाशिका. या दोघींच्या मधली ती क्रूझर. वेग विनाशिकेच्या जवळपास, तोफा तिच्याहून मोठ्या, आणि महिनोन्‌महिने एकटीनं समुद्र धुंडाळण्याइतका इंधनसाठा. १९३०च्या लंडन करारानं क्रूझरचे दोन वर्ग पाडले ते तोफेच्या तोंडावरून. तोफ ६.१ इंचांच्या वर असली की क्रूझर जड, त्याच्या आत असली की हलकी. जहाज केवढं मोठं आहे, याचा या वर्गवारीशी संबंध नव्हता.

सेलम जड, अकिलीस हलकी. सेलमवर आठ इंची नऊ तोफा होत्या. त्या आपोआप भरल्या जात आणि प्रत्येक नळी मिनिटाला दहाच्या आसपास गोळे फेकू शकत असे. एकेका चिलखतभेदी गोळ्याचं वजन दीडशे किलो. अकिलीसच्या तोफा सहा इंची, गोळा ५१ किलोचा. हा गोळा माणसांनी उचलून नळीत बसवायचा, दांड्यानं आत ठासायचा, त्यामागून कापडी पिशवीतली दारू सारायची आणि नळीचं मागचं तोंड बंद करायचं. प्रत्येक बारानंतर हेच पुन्हा. टरेट म्हणजे दोन तोफा बसवलेली फिरती पोलादी खोली. धूर, घाम आणि आवाजानं भरलेल्या त्या खोलीत ही कसरत तासभर चालवणारी पोरं विशीतली असत.

अकिलीस बांधली गेली इंग्लंडात, बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्डच्या गोदीत. १ सप्टेंबर १९३२ रोजी ती पाण्यात उतरली आणि १९३३च्या ऑक्टोबरात सेवेत दाखल झाली. लांबी १६९ मीटर. बसस्टँडवर एसटीच्या पंधरा गाड्या एकामागं एक लावल्या, तर साधारण तेवढी रांग होईल. मधोमध एकच जाड धुराडं, पुढं दोन आणि मागं दोन टरेट, ७२,००० अश्वशक्तीची यंत्रं, चार पंखे आणि ३२ नॉटच्या वर वेग. १९३६पासून ती न्यूझीलंडच्या दिमतीला होती. युद्ध पेटलं तेव्हा तिच्यावरचे निम्म्याहून अधिक खलाशी न्यूझीलंडचे होते.

रिव्हर प्लेटची सकाळ

१३ डिसेंबर १९३९. उरुग्वे आणि अर्जेंटिना यांच्यामध्ये प्लेट नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाबाहेर पहाटे सहाच्या सुमारास कमोडोर हेन्री हारवूड यांच्या तीन नौकांना ग्राफ स्पेचा धूर दिसला. व्यापारी जहाजं गाठून बुडवणं हे तिचं काम. तिच्या सहा तोफा ११ इंची होत्या आणि त्यांचा गोळा ३०० किलोचा. समोर एक जड क्रूझर ‘एक्झेटर’ आणि दोन हलक्या, ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलीस’. समोरासमोर गोळ्याला गोळा द्यायची पाळी आली असती तर हिशेब एकतर्फी होता. हारवूडनी आपली फळी दोन दिशांना पांगवली, म्हणजे शत्रूला आपल्या तोफा विभागाव्या लागतील.

ग्राफ स्पेचे कप्तान हान्स लांग्सडॉर्फ यांनी आधी एक्झेटरला धरलं आणि तिची पार दशा करून टाकली. तिचे ६१ जण मेले. तिच्या टरेट बंद पडल्या आणि ती कशीबशी लढाईतून बाजूला झाली. तेवढ्यात दोन्ही हलक्या क्रूझर दुसऱ्या अंगानं जवळ सरकत, मारा करत राहिल्या. साडेसहानंतर एक ११ इंची गोळा अकिलीसजवळ पाण्यावर फुटला. त्याच्या चिरफळ्या तोफांचा नेम ठरवणाऱ्या वरच्या बुरुजात घुसल्या. आत बसलेल्यांपैकी चौघं मेले. तोफखान्याचे अधिकारी रिचर्ड वॉशबर्न जखमी झाले, तरी त्यांनी जागा सोडली नाही. खाली कप्तान पॅरी यांच्या पायांत चिरफळ्या गेल्या होत्या. तोफा थांबल्या नाहीत. लढाईत न्यूझीलंडचं निशाणही अकिलीसवर चढलं, आणि त्या देशाच्या आरमाराची स्वतंत्र ओळख लोक आजही त्या सकाळपासून मोजतात.

दीड तासाच्या आत लढाई थांबली. ग्राफ स्पे मॉन्टेव्हिडिओ बंदरात शिरली. बाहेर मोठा ब्रिटिश ताफा जमला आहे, अशी हूल इंग्रजांनी उठवली आणि लांग्सडॉर्फ यांना ती खरी वाटली. १७ डिसेंबरला त्यांनी आपली नौका स्वतःच बुडवली आणि दोन-तीन दिवसांत स्वतःवर गोळी झाडून घेतली. फेब्रुवारी १९४०मध्ये अकिलीस ऑकलंडला परतली, तेव्हा सगळं शहर रस्त्यावर उतरलं होतं.

पुढची वर्षं पॅसिफिकमध्ये गेली. ५ जानेवारी १९४३ रोजी सॉलोमन बेटांजवळ एक जपानी बॉम्ब मागच्या एका टरेटवर पडला आणि १३ जण ठार झाले. दुरुस्तीसाठी ती इंग्लंडला पोर्टस्मथला गेली. तिथं तिची ती टरेट काढून टाकली आणि त्या जागी विमानविरोधी तोफा आल्या. आठ तोफांची अकिलीस सहा तोफांची झाली. तशाच रूपात ती पुढं भारतात आली.

मुंबईच्या गोदीत

फाळणीत सैन्याबरोबर आरमारही वाटलं गेलं. भारताच्या वाट्याला स्लूप, फ्रिगेट आणि सुरुंग काढणाऱ्या लहान नौका आल्या. मोठं जहाज एकही नाही. हजार माणसांचा ताफा एका ध्वजनौकेभोवती कसा चालवायचा, मोठ्या तोफांचा नेम कसा साधायचा, परक्या बंदरात देशाची सलामी कशी द्यायची, हे शिकायला क्रूझर लागते. ५ जुलै १९४८ रोजी अकिलीस भारताच्या आरमारात ‘दिल्ली’ या नावानं दाखल झाली आणि त्याच वर्षी मुंबईला आली. पहिले कप्तान इंग्रज होते, एच. एन. एस. ब्राउन. त्यांच्या हाताखाली राम दास कटारी आणि सरदारीलाल नंदा हे अधिकारी होते. कटारी पुढं नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. नंदा १९७१च्या युद्धात नौदलप्रमुख होते. दिल्लीचं भारतातलं सगळ्यात मोठं काम या दोन नावांत दिसतं. ती नौदलाची शाळा होती.

शाळेखेरीज ती देशाचं दारही होती. १९५०च्या जूनमध्ये पंडित नेहरू इंडोनेशियाला गेले ते याच नौकेतून. १९५३मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त स्पिटहेडला जगभरच्या नौका ओळीनं उभ्या राहिल्या, तेव्हा भारताच्या बाजूनं दिल्ली तिथं होती. त्यानंतर तो चित्रपट आला. त्याच्या चित्रीकरणात भारतीय खलाशांनी जुन्या न्यूझीलंडी खलाशांच्या जागा घेतल्या. समोर अमेरिकेची सेलम होती, आणि तिच्या नाकावरचा १३९ हा आकडा पुसलेला नव्हता. ग्राफ स्पे अमेरिकन जहाजाचं सोंग घेऊन फिरते आहे, अशी कथेत सोय करून ती अडचण निभावली.

१९५७मध्ये दिल्लीच्या जोडीला दुसरी क्रूझर आली. ती इंग्रजांची जुनी ‘नायजेरिया’, आता ‘म्हैसूर’. दिल्ली आणि म्हैसूर, दोन्ही शहरांना समुद्र नाही. नौदल हे फक्त किनाऱ्याचं नाही, एवढं तरी या नावांनी सांगितलं.

दीव आणि अंजदीव

रिव्हर प्लेटनंतर बावीस वर्षांनी, तेही डिसेंबरातच, दिल्लीच्या तोफा पुन्हा युद्धात बोलल्या. गोवा, दमण आणि दीवच्या मुक्तीसाठी १८ डिसेंबर १९६१ रोजी ऑपरेशन विजय सुरू झालं. दीवच्या किल्ल्यातून पोर्तुगीजांचा विरोध होत होता. पाण्यातून आत घुसू पाहणाऱ्या लष्कराला तो जड जात होता. कप्तान एन. कृष्णन यांच्या हाताखालच्या दिल्लीनं किल्ल्यावर तोफा धरल्या. दुसऱ्या दिवशी दीव पडलं. हेच कृष्णन १९७१मध्ये पूर्व नौदल कमांडचे प्रमुख होते.

त्याच वेळी कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर म्हैसूर आणि ‘त्रिशूल’ या नौकांनी माणसं उतरवली. तिथं बेटावरून गोळीबार झाला आणि भारतीय नौदलाचे सात जण मारले गेले. दिल्लीहून मोठी आणि नवी असलेली म्हैसूर १९७१च्या युद्धात पश्चिम ताफ्याची ध्वजनौका होती. तोवर समुद्री लढाईचं रूप बदललं होतं. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री कराचीवर मारा केला तो लहानशा क्षेपणास्त्र बोटींनी. सहा इंची तोफांचे दिवस सरले होते.

१९६९मध्ये दिल्ली न्यूझीलंडला जाऊन आली. रिव्हर प्लेटला तिच्यावर लढलेल्या तिथल्या माणसांना आपली जुनी नौका दुसऱ्या देशाच्या निशाणाखाली पुन्हा पाहायला मिळाली. ३० जून १९७८ रोजी मुंबईत ती निवृत्त झाली आणि पुढं भंगारात गेली. म्हैसूर १९८५मध्ये निवृत्त झाली आणि तीही मोडली.

काय उरलं, कुठं उरलं

चित्रपटातल्या दोन नौकांचे शेवट शेजारी ठेवून पाहा. सेलमनं उभ्या सेवेत शत्रूवर एक गोळा डागला नाही. १९४९मध्ये ती सेवेत आली आणि भूमध्य समुद्रात अमेरिकेच्या सहाव्या ताफ्याची ध्वजनौका म्हणून फिरली. १९५३मध्ये ग्रीसच्या आयोनियन बेटांवर भूकंप झाला, तेव्हा तिनं मदत पोहोचवली. १९५९मध्ये, दहा वर्षंही पुरी झाली नव्हती तोवर, ती बाजूला झाली. तरीही ती आजवर जपली गेली. जिथं ती बांधली गेली त्या मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावानं १९९४मध्ये तिला परत आणलं आणि संग्रहालय केलं. जगात जपलेल्या जड क्रूझरमध्ये तिचं नाव पहिलं घेतलं जातं.

अकिलीस तीन महासागरांत लढली, दोन देशांच्या आरमारांची आई झाली, ४४ वर्षं सेवेत राहिली. तिची मागची एक टरेट भारतानं न्यूझीलंडला भेट दिली. ती ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळाच्या दाराशी उभी आहे.  आपल्याकडं मात्र ती अख्खी जपली गेली नाही.

नाव चालू राहिलं, हे खरं. आजची आयएनएस दिल्ली ही क्षेपणास्त्रवाहू विनाशिका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली आणि १९९७मध्ये दाखल झाली. आजची आयएनएस म्हैसूरही तिथलीच, १९९९ची. १९४८मध्ये जुनं ब्रिटिश जहाज विकत घेऊन शिकलेलं नौदल पन्नास वर्षांत स्वतःच्या गोदीत, स्वतःच्या आराखड्यावर जहाज बांधू लागलं. जुन्या दिल्लीचा खरा वारसा तो आहे, आणि तो कोणत्याही संग्रहालयापेक्षा मोठा आहे.

पण वारसा लोकांना दिसावाही लागतो. ‘विक्रांत’ मुंबईत संग्रहालय होती. २०१४मध्ये तिचा लिलाव झाला आणि ती भंगारात गेली, तेव्हा पुष्कळ हळहळ झाली आणि ती तेवढ्यावरच राहिली. विशाखापट्टणमनं ‘कुरसुरा’ पाणबुडी किनाऱ्यावर ओढून आणली आणि कारवारनं ‘चपळ’ ही क्षेपणास्त्र बोट. तिथल्या शाळांची पोरं त्यांत चढून पाहतात. महाराष्ट्रातही कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापाशी एक निवृत्त गस्ती नौका आणली गेली आहे. हे काम किनाऱ्यापुरतं ठेवायचं कारण नाही. तोफेची एक नळी, नांगर, साखळी किंवा पंख्याचं पातं एवढं ट्रेलरवर चढवून अमरावतीपर्यंत आणणं अवघड नाही. समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यातून जातो.

यंदा डिसेंबरात नौदल सप्ताहाच्या सुमारास मुंबईला जाणं झालं, तर नौदल लोकांना युद्धनौका पाहायला देतं का, याची चौकशी जरूर करा. शाळेच्या मुख्याध्यापकांनी पोरांची सहल त्या दिवसांत काढावी. आणि पुढची नौका निवृत्त होईल तेव्हा तिचा एखादा तुकडा वऱ्हाडातही यावा, असं पत्र आपल्या खासदारांना लिहावं. दिल्लीची टरेट ऑकलंडपर्यंत पोहोचली. मागितल्याशिवाय इकडं मात्र काही येणार नाही.