गळाला बांधलेला कान

भिवंडीच्या वऱ्हाळा तलावाकाठी गळ टाकून बसणाऱ्यांसाठी आता बाजारात मासे शोधणारं चेंडूएवढं सोनार यंत्र मिळतं. दोरीला बांधून पाण्यात फेकायचं, चित्र मोबाईलवर. त्यातून निघतो आपल्याला ऐकू न येणारा आवाज. गोड्या पाण्यात तो सेकंदाला साधारण 1,480 मीटर धावतो. तीन मीटरवरच्या तळाला आपटून चार मिलिसेकंदांत परततो. माशाचं मांस पाण्यासारखंच, त्यामुळे आवाज त्यातून बराचसा पार जातो. चुगली करते ती पोटातली हवेची पिशवी. जपानच्या फुरुनो बंधूंनी 1948 मध्ये असं यंत्र मासेमारीसाठी बाजारात आणलं, पण ते समुद्रासाठी.

उथळ तलावात गोची होते. वीस अंशांचा ध्वनिशंकू तीन मीटर खोलीवर जेमतेम मीटरभर तळ पाहतो. शिवाय स्क्रीनवरचा गोंडस मासा म्हणजे ॲपचा अंदाज. बुडबुडा किंवा बुडालेली फांदीही मासा म्हणून मिरवते! आणि मरळ मासळी? ती काठच्या पाणवनस्पतींत दबा धरते, तिथे प्रतिध्वनींचा नुसता गोंधळ. मात्र हवा घ्यायला ती वर येतेच, तेव्हा तिच्यासाठी डोळेच बरे.

धरणाच्या खोल पाण्यात हे यंत्र उपयोगी. तलावासाठी पैसे घालवू नका. आणि गळ टाकण्याआधी तिथे परवानगी आहे का, तेवढं विचारून घ्या.