पेटंट मिळाले, आता ते सांभाळा



आपला शेतकरी नुसता ऊस लावून स्वस्थ बसणारा नाही. मध्य प्रदेशातील नरसिंहपूर जिल्ह्याचे रोशनलाल विश्वकर्मा यांनी बेण्यासाठी उसाचा डोळा काढण्याचे यंत्र बनविले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. आपल्या कार्यक्षेत्रातही खोडव्याचे बुडखे छाटणारी, पाचटाची कुट्टी करणारी अवजारे सभासदांनी गावच्या वेल्डिंगच्या दुकानात बसून तयार केली. काहींनी पेटंटही घेतले. पेटंट मिळवावे कसे, हे सांगणारे बरेच भेटतात. मिळालेले टिकवावे कसे, हे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी घडलेली हकीकत सांगतो. आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी खोडव्यासाठी एक अवजार केले. अर्ज १२ जुलै २०१७ रोजी दाखल झाला, पेटंट जानेवारी २०२१ मध्ये मंजूर झाले. आम्ही त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लागले. पुढची फी कधी, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही, आम्हीही नाही. मे २०२२ मध्ये ते वारले. १२ जुलै २०२२ पूर्वी आठशे रुपये भरायचे होते, ते राहिले. त्यांचा मोबाईल बंद झाला होता आणि अर्जावरचा ई-मेल गावातल्या कॉम्प्युटरवाल्या पोराचा होता, तो पुण्यास निघून गेला. २०२३ च्या उन्हाळ्यात शेजारच्या तालुक्यात हुबेहूब तेच अवजार विक्रीस आले. मुलगा वकिलाकडे गेला. वकिलांनी पहिलाच प्रश्न केला, “पेटंट चालू आहे का?” ते बंद पडून वर्ष उलटले होते!

तारीख कोणती धरायची?

सगळा घोळ इथेच होतो. उसाचे वय आपण लागणीपासून मोजतो, नोंदीची पावती हातात पडली त्या दिवसापासून नव्हे. पेटंटचेही तसेच. मुदत २० वर्षांची, पण ती अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून. मंजुरीस तीन-चार वर्षे लागली तरी ती त्या वीसातच धरली जातात. वरील पेटंटचे आयुष्य म्हणून २०३७ च्या जुलैत संपेल, २०४१ मध्ये नव्हे.

पहिल्या दोन वर्षांस फी नाही. तिसऱ्या वर्षाची फी दुसरे वर्ष संपण्यापूर्वी भरावयाची आणि पुढे दरसाल याच रीतीने. मंजुरीपूर्वीच वर्षे उलटली असतील, तर ती साठलेली फी पेटंटची रजिस्टरात नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरावी लागते. व्यक्तीच्या नावावरील पेटंटास ऑनलाइन भरताना सध्याचे दर असे:

३ ते ६ वे वर्ष : दरसाल ८०० रुपये
७ ते १० वे वर्ष : दरसाल २,४०० रुपये
११ ते १५ वे वर्ष : दरसाल ४,८०० रुपये
१६ ते २० वे वर्ष : दरसाल ८,००० रुपये

सगळी मिळून ७६,८०० रुपये होतात. मोठ्या कंपनीस हाच दर पाचपट आहे. २०२४ च्या नियमदुरुस्तीप्रमाणे किमान चार वर्षांची फी आगाऊ ऑनलाइन भरल्यास दहा टक्के सूट मिळते. ज्यांना तारखा ध्यानात राहत नाहीत त्यांनी हा मार्ग जरूर धरावा. उलट अवजार चालतच नसेल, तर विचार करून फी थांबविण्यासही हरकत नाही. मात्र मग ते कोणीही बनवू शकेल. थांबवायचे तर ठरवून थांबवावे, विसरून नव्हे.

तारीख चुकली तर?

मुदतीनंतर सहा महिन्यांपर्यंत फॉर्म ४ व जादा फी भरून काम भागते. तेही चुकले तर पेटंट बंद पडल्यापासून अठरा महिन्यांच्या आत फॉर्म १५ वर ते पुन्हा चालू करून मागता येते. फी मुद्दाम टाळली नव्हती आणि अर्जास विनाकारण उशीर केला नाही, हे पटवून द्यावे लागते. अठरा महिने उलटले की दार बंद.

वरील मुलाने पंधराव्या महिन्यात अर्ज केला आणि पेटंट पुन्हा चालू झाले. पण कायदा असा की, पेटंट बंद पडल्यापासून या अर्जाची प्रसिद्धी होईपर्यंत ज्याने माल काढला, त्याच्यावर त्या काळाबद्दल दावा चालत नाही. शिवाय मधल्या काळात ज्याने ते काम सुरू केले त्यालाही काही संरक्षण राहते. आठशे रुपयांपायी एका हंगामाची विक्री गेली आणि बाजारात भागीदार उभा राहिला, तो निराळाच.

रजिस्टर म्हणजे पेटंटचा सात-बारा

मालक कोण, पत्ता कोणता, हक्क कोणाला दिला, हे सारे पेटंट कार्यालयाच्या रजिस्टरात असते. महाराष्ट्राचे काम मुंबईस अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनातून चालते. पत्ता किंवा ई-मेल बदलला की दुरुस्तीचा अर्ज द्यावा. कागद जुन्या पत्त्यावर गेला तर तो आपणांस मिळाला असेच धरले जाण्याचा धोका असतो. ऑफिस आठवण करील, या भरवशावर राहू नये.

मालक वारल्यास जमिनीची वारसनोंद आपण घाईने करतो, पेटंटाची कोणाच्या ध्यानीही येत नाही. वारसाने वारसाचे कागद जोडून फॉर्म १६ वर अर्ज करावा. पेटंट विकले वा कारखानदारास बनविण्याचा परवाना दिला, तर करार लेखीच हवा आणि त्याचीही नोंद याच फॉर्मवर. बांधावर बसून झालेला तोंडी व्यवहार इथे चालत नाही. दोघा भावांच्या नावे पेटंट असल्यास एकाला दुसऱ्याच्या संमतीवाचून परवाना देता येत नाही किंवा आपला हिस्साही विकता येत नाही.

आणखी एक कागद, फॉर्म २७. पेटंटाचा वापर झाला की नाही, याचे हे विवरण. २०२४ पासून ते तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यावे लागते. पेटंट २०२३-२४ मध्ये मंजूर झाले असेल तर २०२४-२५ ते २०२६-२७ चे विवरण ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत. एकही अवजार विकले नसले तरी तसे लिहून द्यावे. न दिल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता काय करावे?

ज्यांच्या घरी पेटंटचे प्रमाणपत्र आहे त्यांनी ते भिंतीवरून उतरवून अर्जाची तारीख पाहावी. एका वहीत पेटंट नंबर, दरसालची तारीख व पावत्या लावून ठेवाव्यात, आणि ही वही कोठे आहे हे घरातील आणखी एका माणसास सांगून ठेवावे. एजंटाकडे काम दिले असले तरी अर्जावर स्वतःचा ई-मेल असू द्यावा.

कायद्याचा सल्ला देणे आमचे काम नव्हे, त्यासाठी पेटंट एजंट वा वकील आहेत. पण कागद घेऊन गट ऑफिसात या, तारखा काढून वहीत मांडून देऊ. ऊस नोंदीच्या रजिस्टराशेजारी एक पान या कामासाठी आम्ही उघडले आहे. यापुढे सत्कार करताना शालीबरोबर पुढच्या फीची तारीखही हातात देऊ.

— ऊस विकास अधिकारी