संगणकांचें सामाईक कोठार

रुग्णालयांत आपण जुना तपासणी-अहवाल मागतों, तेव्हां तो नेमका कोठून निघतो, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. मोठ्या रुग्णालयांत अनेक सर्व्हर असतात. प्रत्येकाच्या पोटांत त्याच्याच डिस्क बसविल्या, तर एकाला जागा अपुरी पडते व शेजारच्याची रिकामी राहते. म्हणून सगळ्या डिस्क एका मोठ्या पेटींत ठेवून स्वतंत्र जाळ्यानें सर्व्हरांना जोडतात. ह्या व्यवस्थेस स्टोरेज एरिया नेटवर्क म्हणतात. आपण तिला सामाईक कोठार म्हणूं या. जाळें बहुधा फायबर चॅनेलचें असतें. त्याचें अमेरिकन मानक १९९४ सालीं मान्य झालें. साध्या ईथरनेटवरून तेंच काम करणाऱ्या आयस्कझीचें मानक २००४ सालचें.

आतां श्रोत्यांनीं एक भेद ध्यानांत घ्यावा. नेहमीचा फाइल-सर्व्हर कोठीवरच्या कारकुनासारखा असतो. नांव सांगावें, त्यानें वस्तु काढून द्यावी. दोघांनीं एकच वस्तु मागितली, तर तो एकास थांबवितो. सामाईक कोठारावर असा कारकून नसतो. तेथें सर्व्हरला मिळतात ते केवळ क्रमांक घातलेले कोरे ब्लॉक. कोठें काय लिहिलें, ह्याची कीर्द सर्व्हर स्वतःच ठेवतो आणि डिस्क आपल्या एकट्याची आहे असें समजून चालतो. तीच डिस्क दुसऱ्यालाहि दिसूं लागली, तर पहिला ज्या ब्लॉकला रिकामा समजतो, तेथें दुसऱ्यानें नुकताच एखाद्या रुग्णाचा अहवाल लिहिलेला असतो. दोघांचीहि कीर्द आपापल्या परी बरोबर, आणि अहवाल मात्र नष्ट! त्या क्षणीं घंटाहि वाजेलच असें नाहीं. पुष्कळदां कांहीं दिवसांनीं फाइल उघडेनाशी होते, तेव्हां कळतें.

म्हणून कोठार उभारतांना डिस्क दाखविण्यापेक्षां न दाखविण्याचेच कष्ट अधिक. फायबर चॅनेलच्या प्रत्येक पोर्टाला ६४ बिटांचें जागतिक नांव असतें. त्यावरून स्विचवर झोन आंखतात. एका झोनमध्यें एकच सर्व्हर ठेवावा. मग खुद्द कोठारावर दुसरी चौकी बसते, तिला लन मास्किंग म्हणतात. कोणता कप्पा कोणाला दिसावा, हें तेथें ठरतें. एकच चौकी पुरे, असें म्हणणारे भेटतात. मला तें पटत नाहीं. घाईंत एकीवर चूक झाली, तर दुसरी सांवरते.

वाटाहि दोन असाव्यात, दोन निराळ्या स्विचांवरून. मात्र मल्टिपाथ चालू नसेल, तर एकच डिस्क सर्व्हरला दोन डिस्कांसारखी दिसते.

कधीं कधीं दोन सर्व्हरांना एकच कप्पा खरोखरच हवा असतो. तेव्हां क्लस्टर फाइल-सिस्टीम घालतात. तिच्यांत लिहिण्यापूर्वीं कुलूप मागावें लागतें. एखादा सर्व्हर निरोप देईनासा झाला, तरी तो मेला असें धरून चालत नाहीं. गुंगींतून उठून तो अर्धवट राहिलेलें लिखाण पुरें करूं लागेल. म्हणून आधीं त्याची वीज तोडतात किंवा कोठारावरचा त्याचा लेखनाधिकार काढून घेतात, आणि मगच त्याचें काम दुसऱ्याकडे सोंपवितात.