कडवा वाल: महाड-पोलादपूरच्या घरच्या बियाण्याची ओळख आणि लागवड

भाताची कापणी उरकली की महाड आणि पोलादपूरच्या सावित्री खोऱ्यात काही खाचरांत पुन्हा हिरवळ दिसते. त्यात हरभरा, चवळी, मूग, कुळीथ असतो, पण मान वालाचा. आपला वाल म्हणजे कडवा वाल. दाणा बारीक, चवीला कडसर, पण मोड आणून सोलला की त्याच्या बिरड्याला तोड नाही. हे बी बहुतेक घरांत विकत आणलेले नसते. ते आजीच्या मडक्यातून, सासरहून किंवा शेजारच्या वाडीतून आलेले असते. अशा बियाण्याला आपण स्थानिक किंवा गावठी वाण म्हणतो. हे वाण हळूहळू बिघडते आहे, आणि त्याचे मुख्य कारण आपल्याच एका सवयीत आहे. ती सवय कोणती, ते पुढे पाहू.

वाल आला कुठून

वालाचे शास्त्रीय नाव लॅबलॅब पर्प्युरियस. त्याची रानटी भावंडे आफ्रिकेत आढळतात. भारतातही हे पीक फार जुने आहे. कर्नाटकातील नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननात वालाचे जळालेले दाणे मिळाले आहेत. पावटा आणि वालपापडी ही याच कुळातली, एकाच जातीची वेगवेगळी रूपे. कोकणातल्या शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या त्यातून जे निवडले, ते भातानंतरच्या ओलीवर येणारे, बुटके, बारीक दाण्याचे कडवे रूप. कोणत्याही संशोधन केंद्राने ते बनवलेले नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने पुढे कोकण वाल-१ आणि कोकण वाल-२ हे सुधारित वाण दिले. ते जरूर लावून पाहावेत, पण घरच्या वाणाशेजारी लावावेत, त्याच्या जागी नाही.

दिवस लहान झाले की फूल

कडव्या वालाचा सर्वांत महत्त्वाचा गुण डोळ्यांना दिसत नाही. हे पीक दिवसाच्या लांबीवर चालते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो ११ तासांवर येतो. रात्र मोठी झाली की वालाला फुलण्याचा इशारा मिळतो. म्हणूनच हौसेने पावसाळ्यात परसात लावलेला गावठी वाल नुसता वेल वाढवत बसतो आणि दिवस लहान होईपर्यंत फुलायला तयार होत नाही. तोच वाल नोव्हेंबरमध्ये टोकला की हातभर वाढतो, लवकर फुलतो आणि जमिनीतली ओल संपण्याआधी शेंगा भरतो.

यातून पेरणीची वेळ ठरते. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम, महिनाअखेरपर्यंत चालेल. डिसेंबरच्या मध्यानंतर पेरलेल्या वालालाही फूल येते, पण तोवर झाडाने अंग धरलेले नसते. दाणा भरण्याच्या वेळी फेब्रुवारी-मार्चचे ऊन आणि कोरडी जमीन दोन्ही एकदम गाठतात. मग शेंगेत चारऐवजी दोनच दाणे भरतात आणि दोष बियाण्याला जातो.

वालाचे नियोजन जूनमध्ये

वाल उशिरा पेरला जातो, कारण भात उशिरा निघतो. जूनच्या मध्याला पेरलेले कर्जत-३ किंवा कर्जत-७ सारखे ११५-१२० दिवसांचे भात ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कापणीला येते. सुवर्णासारखे १४५-१५० दिवसांचे भात नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कापणीला येते. मधला महिना हाच वालाचा महिना आहे. म्हणून ज्या खाचरात वाल घ्यायचा, तिथे भाताचे लवकर येणारे वाण लावावे. यात एक धोका आहे: परतीचा पाऊस लांबला तर लवकर पिकलेले भात भिजते. सगळे क्षेत्र एका वाणाखाली न आणणे बरे. सखल, उशिरा निथळणाऱ्या खाचरांत मात्र गरव्या भातामागेही वाल येतो, कारण तिथे ओल नोव्हेंबरअखेर टिकते. आपले कोणते खाचर कधी निथळते हे तुमच्याइतके कोणालाच माहीत नसते. विस्तार कार्यकर्त्यांनी सरसकट तारीख सांगण्याआधी ते विचारून घ्यावे.

पेरणीयोग्य ओल ओळखायची सोपी रीत: चार बोटे खोल माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे. बोटांना चिखल लागला तर दोन-चार दिवस थांबा, कारण चिखलात वालाचा दाणा कुजतो. गोळाच झाला नाही तर उशीर झाला.

टोकण

भात कापल्यावर नांगरट करण्याचा मोह टाळावा. नांगरामुळे ढेकळे निघतात आणि चार दिवसांत ओल उडून जाते. भाताच्या धसकटांमध्येच टोकदार काठीने किंवा खुरपीने टोकण करावी. कर्जत तालुक्यातील नेरळच्या सगुणा बागेतून चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा राइस तंत्रात भाताच्याच गादीवाफ्यावर, न नांगरता, वाल टोकला जातो. ज्यांच्याकडे असे वाफे आहेत त्यांचे काम निम्मे झालेले असते.

अंतर ३० बाय १५ सें.मी. ठेवावे, एका ठिकाणी एक दाणा, खोली दीड ते दोन इंच. या अंतराने गुंठ्याला साधारण २,२५० दाणे लागतात. गावठी वालाचा दाणा घरोघरी लहान-मोठा असतो, म्हणून आपले १०० दाणे सोनाराच्या किंवा किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून घ्या. वजन २० ग्रॅम भरले तर गुंठ्याला ४५० ग्रॅम, नांग्या भरायला थोडे जादा धरून अर्धा किलो, म्हणजे एकराला २० किलो बी पुरेल.

टोकणीआधी बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावी आणि नंतर १० किलोला २५० ग्रॅम रायझोबियम गुळाच्या थंड पाण्यातून लावावे. बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. कडधान्यासाठी हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद ही मात्रा धरली तर गुंठ्याला साधारण एक किलो डीएपी होते. ते बियापासून तीन-चार बोटे बाजूला, मातीत गाडून द्यावे. वर फेकलेले खत कोरड्या मातीत तसेच पडून राहते. तीन आठवड्यांनी एखादे रोप मुळासकट उपटून पाहा. मुळांवरच्या गाठी आतून लालसर असतील तर त्या नत्र बनवत आहेत, वेगळा युरिया देऊ नये.

एक हलकी खुरपणी तिसऱ्या आठवड्यात करावी. पाण्याची सोय असेल तर फूल लागताना आणि दाणा भरताना अशी दोन संरक्षित पाणी फायद्याची ठरतात. जास्त पाणी दिले तर वाल पुन्हा पाल्यावर जातो.

मावा आणि अळी

ढगाळ हवेत शेंड्यांवर आणि कोवळ्या शेंगांवर काळा मावा थर धरतो. सुरुवात काही झाडांवरच होते. ते शेंडे खुडून नष्ट केले तर पुष्कळदा फवारणी लागत नाही. पसरला तर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १० लिटर पाण्याला ५०० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारावा. ढालकिडे दिसत असतील तर थांबावे, ते मावा खातात. घाटेअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावावेत, पण शेंग पोखरणाऱ्या इतर अळ्या या सापळ्यात येत नाहीत, हे ध्यानात ठेवून शेंगा उघडून पाहत राहावे. पिवळे-हिरवे ठिपके आणि आकसलेली पाने असलेली झाडे दिसताच उपटावीत. ज्या शेंगा हिरव्या विकायच्या आहेत त्यांवर तोडणीच्या दिवसांत रासायनिक फवारा नको. पोपटीच्या मडक्यात त्या सालीसकट जातात.

मोकाट गुरे

खरे सांगायचे तर आपल्या दोन तालुक्यांत वाल मागे पडतो तो किडीमुळे कमी आणि गुरांमुळे जास्त. भात निघाले की गुरे सोडायची जुनी रीत आहे. सगळे शेत रिकामे असे तेव्हा ती चालत होती, आणि सगळ्यांनी वाल लावला तरी चालते, कारण तेव्हा कोणीच गुरे सोडत नाही. अडतो तो एकटा पेरणारा. त्याने वई घालायची, रात्री राखण करायची आणि तरी सकाळी शेंडे खाल्लेले पाहायचे. चार-पाच लगतच्या खाचरवाल्यांनी मिळून एक सलग पट्टा निवडावा आणि बाहेरून एकच वई घालावी. गुरे कोणत्या तारखेपर्यंत बांधून ठेवायची हे ऑक्टोबरमध्येच ग्रामसभेत ठरवून घ्यावे. नोव्हेंबरमध्ये या विषयावर फक्त भांडणे होतात.

बी कोणत्या शेंगेतून धरता?

आता त्या सवयीकडे वळू. जानेवारीत हिरव्या शेंगांना भाव असतो. पोपटीचे दिवस असतात, भांबुर्ड्याचा पाला, मडके आणि मुंबईहून आलेली पाहुणेमंडळी. सर्वांत आधी भरलेल्या, लांब, टपोऱ्या शेंगा पहिल्या तोड्यात विकल्या जातात. दुसरा तोडाही जातो. शेवटी झाडावर उशिरा आलेल्या, लहान, अर्धवट भरलेल्या शेंगा वाळतात आणि बी त्यांतून धरले जाते. असे दर वर्षी केले तर न कळत आपण उशिरा फुलणारी आणि कमी भरणारी झाडेच निवडत जातो. आजीच्या काळी वाल असा नव्हता, असे म्हणणाऱ्यांचे खरे आहे.

उपाय बिनखर्चाचा आहे. पहिला तोडा करण्याआधी शेतातून चालत जा. लवकर फुललेली, निरोगी, शेंगांत दाणे पूर्ण भरलेली किमान १०० झाडे निवडा आणि त्यांना रंगीत सुतळी बांधा. फक्त पाच-दहा झाडांचे बी धरू नये, वाणातली विविधता आटते. ही झाडे शेताच्या मधली असावीत. बांधाजवळच्या झाडाला जास्त ओल मिळालेली असते, ते फसवते. सुतळीच्या झाडाची एकही शेंग हिरवी तोडायची नाही, घरच्या बिरड्यासाठीसुद्धा नाही. वाल बहुतांशी स्वपरागीत आहे, तरी मधमाश्यांमुळे थोडा संकर होतो, त्यामुळे शेजारी पावटा किंवा वालपापडी असेल तर त्या बाजूची झाडे बीसाठी घेऊ नयेत.

वाळलेल्या शेंगा सकाळी दव असताना तोडाव्यात, उन्हात त्या तडकतात. मळणीनंतर बारीक, सुरकुतलेले आणि वेगळ्या रंगाचे दाणे काढून टाकावेत. बी कडक उन्हात तीन-चार दिवस वाळवावे. दाताखाली कडकन फुटले पाहिजे, चेपले तर अजून ओल आहे. गरम बी लगेच बंद करू नये, रात्रभर गार होऊ द्यावे. भुंगेऱ्याची अंडी शेतातूनच दाण्यावर येतात, म्हणून चाळलेली कोरडी राख मिसळून, हवा शिरणार नाही अशा डब्यात बी गच्च भरावे. खाण्याच्या वालाला किलोमागे ५ मि.ली. खाद्यतेल चोळले तरी चालते.

विक्री आणि कडवटपणा

सुका कडवा वाल विकताना पाकिटावर गाव, तालुका आणि हंगामाचे वर्ष लिहावे. बाजारातला दुसरा वाल त्यात मिसळू नये, बिरडे करणाऱ्याला पहिल्याच घासात कळते. नव्या गिऱ्हाइकाला शिजवण्याची रीतही सांगावी. वालात सायनाइडयुक्त घटक अल्प प्रमाणात असतात आणि सालीत टॅनिन असते. रात्रभर भिजवणे, ते पाणी फेकणे, मोड आणणे, सोलणे आणि नीट शिजवणे ही आपल्या घरची पद्धत ते कमी करते. कच्चा वाल खाऊ नये.

घरचे बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचा हक्क शेतकऱ्याला २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने दिला आहे. फक्त दुसऱ्याच्या नोंदणीकृत वाणाचे बी त्याच्या ब्रँडने विकता येत नाही. शेजारच्या साताऱ्यातील कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपल्या वालाबाबत त्या वाटेने जायचे असेल तर आधी गटाने बी एकसारखे आणि शुद्ध करावे लागेल.

आणि बी एकाच घरात ठेवू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये सावित्रीचे पाणी घराघरांत शिरले, त्याच दिवशी डोंगराकडच्या वाड्यांवर दरडी कोसळल्या. नदीकाठच्या घराने एक डबा वरच्या वाडीतल्या नातेवाइकाकडे ठेवावा आणि वरच्याने खाली. डब्यावर वर्ष लिहा. पेरणीआधी दोन आठवडे दोन्ही डब्यांतले शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजा. ८० च्या खाली आली तर त्या प्रमाणात बी वाढवा, ५० च्या खाली आली तर शेजाऱ्याकडे मागा.