गिऱ्हाइकाचा मान आणि पेढीची मर्यादा

गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, हे आपण मुलांना पेढीवर बसविण्यापूर्वीच शिकवितो. गिऱ्हाइकाने कसे बोलावे, हे मात्र त्याच्यावरच सोपवितो. आज पुष्कळ पेढ्यांवर हिशेबाला व विक्रीला स्त्रिया असतात. हंगामाची उधारी थकलेला एखादा मोठा खातेदार माल पाहता पाहता त्यांच्याशी लघळपणा करतो, मोबाईल क्रमांक मागतो, आणि मालक खतावणीत डोके घालून बसतो. फार तर त्या बाईंना आतल्या खोलीत कामाला धाडतो. म्हणजे शिक्षा झाली ती त्यांनाच!

सन २०१३ चा कायदा येथे स्पष्ट आहे. कामाच्या जागी येणाऱ्या परक्या माणसांपासूनही स्त्रीस सुरक्षित ठेवणे, हे कलम १९ प्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे. तिला फौजदारी तक्रार करावयाची असल्यास त्याने साहाय्य करावयाचे आहे. दहांहून कमी माणसांच्या दुकानासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

परंतु पहिला शब्द मालकानेच बोलावा, मुनिमाकरवी नव्हे. "शेठजी, व्यवहाराचे माझ्याशी बोला, आमच्या माणसांशी असे बोललेले येथे चालणार नाही." हे हसत सांगू नये, थट्टेत सांगितलेले थट्टेतच जाते. घडले ते तारीखवार लिहून ठेवावे. पुन्हा तसेच झाल्यास माल बंद करावा. येणे बुडेल ही धास्ती खोटी नाही. पण माल थांबविल्याने जुने येणे माफ होत नाही, ते बिलांच्या आधारे मागता येते. आणि खाते बंद केल्याचे त्या बाईंना मालकानेच सांगावे, बाजारातून कळू देऊ नये.