पंतप्रतिनिधी, भवानराव श्रीनिवासराव
(२४ ऑक्टोबर १८६८–१३ एप्रिल १९५१). औंध संस्थानचे अधिपती, चित्रकार व कलासंग्राहक. बाळासाहेब या नावाने विशेष परिचित. या विखुरलेल्या संस्थानातील औंध हे गाव आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडीचा भाग सांगली जिल्ह्यात मोडतो. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून ते बी. ए. झाले. १९०९ मध्ये ते गादीवर आले.

चित्रकलेची आवड त्यांनी राज्यकारभार सांभाळून अखेरपर्यंत जोपासली. पौराणिक प्रसंग हा त्यांचा आवडता विषय होय. मूळ चित्र एकाच भिंतीवर राहते. छापील प्रत मात्र घरोघर पोहोचते, हे ओळखून त्यांनी चित्रांच्या मुद्रणाकडे लक्ष पुरविले. त्यांचे चित्ररामायण १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पौराणिक व्यक्तींची वेशभूषा कल्पनेने न रंगविता प्राचीन शिल्पे व भित्तिचित्रे यांच्या आधारे ठरवावी, अशी त्यांची भूमिका होती. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी याच दृष्टीने चित्रे काढली. त्या कार्यास १९१८ मध्ये एक लाख रुपयांचे साहाय्यही जाहीर केले. वेरूळ व अजिंठा येथील लेण्यांवर त्यांनी सचित्र ग्रंथ लिहिले. त्यांच्या चित्रांत कथाकथनाचा भाग मोठा आहे. रंगरेषांच्या स्वतंत्र प्रयोगांपेक्षा प्रसंग स्पष्ट करण्याकडे त्यांचा कल दिसतो.

औंध येथे यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभारलेले श्री भवानी वस्तुसंग्रहालय १९३८ मध्ये खुले झाले. त्यात राजा रविवर्मा, म. वि. धुरंधर इत्यादींची चित्रे, लघुचित्रे, पाश्चात्त्य कलाकृतींच्या प्रतिकृती आणि हेन्‍री मुर या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता व मूल’ हे पाषाणशिल्प आहे. महानगरापासून दूर, खेड्यातील माणसालाही उत्तम कलाकृती पाहता यावी, हे या संग्रहाचे वैशिष्ट्य होय.

सूर्यनमस्कारांचा त्यांनी हिरिरीने प्रसार केला. इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे (१९३५) ते अध्यक्ष होते. महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये त्यांनी प्रजेस जबाबदार राज्यपद्धती दिली. आटपाडीजवळील स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहतही त्याच काळातील. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. तथापि राजसंग्रह सर्वांचा ठेवा व्हावा, ही त्यांची दृष्टी औंधच्या संग्रहालयात टिकून राहिली.