रद्दीचा भाव आणि वहीचे मोल

शालेय वर्ष संपले की घराघरांतून रद्दीचे गठ्ठे बाहेर पडतात. त्यांत वर्तमानपत्रे असतात, जुनी मासिके असतात, आणि निम्म्याहून अधिक कोऱ्या राहिलेल्या वह्याही असतात. रद्दीवाल्याचा काटा लिहिलेले पान आणि कोरे पान यांत भेद करीत नाही. त्याने तो करावा अशी अपेक्षाही गैर होय, कारण त्याला विकत घ्यावयाचा असतो तो कागदातला तंतू. लिहिण्याजोगा पृष्ठभाग ही त्या पानाची खरी उपयुक्तता. तिची किंमत मात्र या व्यवहारात शून्य धरली जाते. दहा महिन्यांपूर्वी तेच पान वहीच्या भावाने घरात आले होते, याचा हिशेब गठ्ठा बांधताना कोणी मांडत नाही.

हा हिशेब मांडणारी एक पिढी महाराष्ट्रात होऊन गेली. जुन्या वह्यांतील कोरी पाने काढून, दाभण आणि दोरा घेऊन मे महिन्यात कच्च्या कामाच्या वह्या शिवणे हे अनेक शिक्षक-कारकुनांच्या घरांतील ठरलेले काम असे. ‘पाठकोरा’ हा नेमका शब्द मराठीत रूढ झाला तो अशाच काटकसरीतून. आज ‘पुनर्वापर’ या भारदस्त नावाखाली हस्तनिर्मित वह्यांचे वर्ग भरतात आणि प्रदर्शनांतून त्या चढ्या भावाने विकल्या जातात, त्यात वाईट काही नाही. परंतु या हौसेत क्रमाची एक चूक होऊ लागली आहे, तिची दखल घेणे अगत्याचे आहे.

हल्ली हाती येईल तो कागद फाडून भिजवावा, मिक्सरमध्ये त्याचा लगदा करावा, जाळीच्या चौकटीवर तो पसरून वाळवावा आणि त्या जाड, खरखरीत तावांची वही बांधावी, अशी पद्धत लोकप्रिय आहे. पाहण्यास ती मोहक आहे. काटकसर म्हणून ती फसवी आहे. कागद लगद्यात जातो तेव्हा दर फेरीत त्याचे तंतू आखूड आणि दुबळे होतात. वर्तमानपत्राचा कागद तर मुळातच हलक्या प्रतीचा, काही दिवस उन्हात राहिला की पिवळा पडणारा. शिवाय घरी केलेल्या तावाला खळ दिली नाही तर त्यावर शाई फुटते. पुण्याची हातकागद संस्था १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झाली. तिचा कागद टिकाऊ ठरला, कारण तो सुती चिंध्यांचा होता आणि कापसाचा तंतू लांब असतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची जुनी कारागिरीही चिंध्यांवरच उभी होती. तो चांगला कागद करण्याचा उद्योग होता. चांगल्या कागदाचा मुद्दाम लगदा करणे ही निराळीच गोष्ट आहे.

खुद्द गांधीजींची रीत या बाबतीत बोलकी आहे. हातकागदाचा पुरस्कार त्यांनी केला, १९३४ साली वर्ध्यास ग्रामोद्योग संघ स्थापन केला; पण आलेल्या टपालाचे पाकीट ते उलगडत आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहीत.

पाठकोऱ्या कागदांची वही बांधण्यास यंत्र लागत नाही. चार-पाच कागद एकात एक घालून मधोमध दुमडावेत, अशा सात-आठ घड्या एकावर एक रचाव्यात, घडीच्या कण्यावर दाभणाने भोके पाडून सुती दोऱ्याने त्या एकमेकींत ओवून शिवाव्यात. कागद ज्या दिशेने सरळ फाटतो त्याच दिशेने घडी घालावी. आडवी घातल्यास ती नीट बसत नाही आणि वही फुगते. पुठ्ठ्यास मिठाईचा खोका चालतो, वर कॅलेंडरचे पान. चिकटविण्यास मैद्याची खळ पुरे. कीड लागू नये म्हणून बाइंडर खळीत मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने मुलांच्या वहीत टाळावे हे उत्तम.

येथे एक आक्षेप संभवतो. पांढऱ्या कागदास वर्तमानपत्रापेक्षा वेगळा भाव असतो. तो घरोघर अडकून पडला तर कचरावेचकांच्या मिळकतीस खोट बसणार नाही काय? पुण्यात १९९३ साली या कष्टकऱ्यांची जी संघटना उभी राहिली तिच्या नावातच ‘कागद’ प्रथम येतो, तेव्हा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तथापि शिवलेली वहीदेखील अखेरीस काट्यावर जातेच. कागदाचा तेथवरचा प्रवास वर्ष-दोन वर्षे लांबतो इतकेच. कष्टकऱ्यांचा खरा तोटा होतो तो ओल्या कचऱ्यात कालवलेल्या कागदाने, किंवा प्लॅस्टिकचा पापुद्रा आणि चमकी चिकटवून सजविलेल्या, पुढे कोणाच्याच उपयोगी न पडणाऱ्या वहीने. सुती दोरा आणि खळ यांचा आग्रह धरावयाचा तो यासाठी.

शाळांपुढे तर आयता साठा पडला आहे. २०२३-२४ या वर्षापासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत टिपणांसाठी कोरी पाने घालण्यात आली आणि २०२५ च्या जानेवारीत शासनाने तो प्रयोग गुंडाळला. त्या पुस्तकांतील न वापरलेली पाने कार्यानुभवाच्या तासाला सहज सुटी करता येतील. कचेऱ्यांतील एकाच बाजूस छापलेल्या कागदांचे ढीग त्याहून मोठे आहेत. मात्र तेथे एक पथ्य पाळावे लागेल. आधार कार्डाच्या छायाप्रती, बँकेची पत्रे, गुणपत्रिका, वेतनाचे तक्ते यांची पाठ कितीही कोरी असली तरी ते कागद वहीत शिवता कामा नयेत. लगदा करावयाचा तो यांचा.